हायड्रोजेलवर पेशी हव्या तिथेच कशा चिकटवायच्या?

हायड्रोजेलवर, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या मऊ पॉलिमरच्या जाळ्यावर, पेशींची नक्षी काढायला घेणाऱ्या नवख्या माणसाचा सगळा जीव पेप्टाइडमध्ये, म्हणजे पेशी चिकटवणाऱ्या अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीत, अडकलेला असतो. कोणतं घ्यायचं, किती घ्यायचं, किती शुद्ध हवं. पेप्टाइड महत्त्वाचं आहेच, पण नक्षी बिघडते ती बहुतेक वेळा दुसऱ्याच बाजूने. जी जागा आपण रिकामी सोडलेली असते तिथेच पेशी खुशाल जाऊन बसतात. चिकटवणं तसं सोपं आहे, कारण बहुतेक पेशी आधार मिळण्याची वाटच बघत असतात. न चिकटू देणं अवघड. म्हणून इथे सुरुवात उलट्या टोकाकडून केली आहे: आधी कोरी जागा खरोखर कोरी करायची, मग तिच्यावर लिहायचं.

याची गरज कुठे पडते? कृत्रिम रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला एंडोथेलियल पेशींचं अस्तर हवं असतं, बाहेर नको. चेतातंतू एका ठरावीक दिशेने वाढायला हवे असतात. स्नायुपेशी समांतर रांगेत बसल्या तरच त्यांची ओढ एका दिशेने लागते. सगळीकडे सारख्याच चिकट असलेल्या स्कॅफोल्डवर (पेशींना वाढायला दिलेल्या सांगाड्यावर) पेशी ओतल्या तर गर्दी जमते, रचना तयार होत नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा

पेशी पॉलिमरला थेट चिकटत नाही. ती चिकटते पॉलिमरवर बसलेल्या प्रथिनांना. प्लास्टिकच्या डिशमध्ये सीरम (रक्तातला प्रथिनांनी भरलेला द्रव) असलेलं माध्यम ओतलं की काही मिनिटांत फायब्रोनेक्टिन, व्हिट्रोनेक्टिन अशी प्रथिनं तळावर बसतात आणि पेशी आपल्या पृष्ठभागावरच्या इंटिग्रिन नावाच्या ग्राहकांनी त्यांना धरते. त्यामुळे ‘इथे पेशी चिकटू नये’ याचा खरा अर्थ ‘इथे प्रथिन बसू नये’ असा होतो. एवढं लक्षात राहिलं तर पुढच्या बऱ्याचशा अडचणी तुमच्या तुम्हीच सोडवाल.

पायरी १: कोरी पाटी निवडा आणि ती कोरी आहे का ते तपासा

प्रथिनांना थारा न देणारे हायड्रोजेल मोजकेच आहेत. पॉलिइथिलीन ग्लायकॉल, म्हणजे पीईजी, हा त्यातला सगळ्यात भरवशाचा. अल्जिनेट आणि अ‍ॅगरोजही चालतात. सस्तन प्राण्यांच्या पेशींकडे अल्जिनेट ओळखणारे ग्राहकच नाहीत. पॉलिअ‍ॅक्रिलअमाइडचंही तेच, आणि त्याचा कडकपणा हवा तसा ठेवता येतो हा वरचा फायदा. ‘पॉलि-हेमा’ हे जुनं नाव. १९७८ मध्ये ज्यूडा फोकमन आणि अ‍ॅन मोस्कोना यांनी प्लास्टिकवर त्याचा थर कमी-जास्त जाड देऊन पेशी किती पसरते यावर ताबा मिळवला होता. पेप्टाइडं बाजारात मिळू लागण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

आता सापळा. जेलएमए, म्हणजे मेथॅक्रिलेट लावलेलं जिलेटिन, आज जवळजवळ प्रत्येक प्रयोगशाळेत असतं, आणि सोयीचं म्हणून नवखे त्यावरच नक्षी काढायला बसतात. पण जिलेटिन म्हणजे मोडलेलं कोलॅजन, त्यात पेशींना धरायच्या जागा मुळातच आहेत. कोलॅजन आणि फायब्रिनचंही तसंच. या जेलवर तुम्ही वेगळं पेप्टाइड लावा वा लावू नका, पेशी सगळीकडे बसणार. जेलएमए वापरायचंच असेल तर ते चिकटणारा भाग म्हणून वापरा आणि खाली किंवा आजूबाजूला पीईजी ठेवा. हायल्युरोनिक आम्ल मधल्या गटात येतं: पेशींकडे त्याचा सीडी-४४ हा ग्राहक असतो, पण नुसत्या त्याच्यावर त्या नीट पसरत नाहीत.

जेल निवडलं की कोणतीही नक्षी काढण्याआधी कोऱ्या जेलवर पेशी टाका. तुमच्याच पेशी, तुमचंच माध्यम, तुमचंच सीरम. २४ तासांनी हलक्या हाताने धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघा. गोल राहिलेल्या, तरंगणाऱ्या किंवा एकमेकींना धरून गोळा झालेल्या पेशी दिसल्या तर पाटी कोरी आहे. पसरलेल्या पेशी दिसल्या तर पुढे जाऊ नका. ही चाचणी कंटाळवाणी वाटते म्हणून लोक ती गाळतात, आणि मग महिनाभर पेप्टाइडला दोष देत बसतात.

पायरी २: चिकटवणारा रेणू आणि त्याचं प्रमाण

१९८४ मध्ये मायकेल पिअर्शबाकर आणि एर्की रुओस्लाती यांनी दाखवलं की फायब्रोनेक्टिनसारख्या अवाढव्य प्रथिनातला अगदी छोटा तुकडा पेशी धरायला पुरतो. त्याचा गाभा म्हणजे आर्जिनिन, ग्लायसिन आणि अ‍ॅस्पार्टिक आम्ल ही तीन अमिनो आम्लं, म्हणजेच आरजीडी. पहिल्या प्रयोगासाठी दुसरं काही शोधू नका. एंडोथेलियल पेशींसाठी आरईडीव्ही, चेतापेशींसाठी लॅमिनिनमधले आयकेव्हीएव्ही आणि वायआयजीएसआर असे खास तुकडे आहेत, पण ते हात बसल्यावर.

पेप्टाइड मागवताना तीन गोष्टी बघा. एक, टोकाला सिस्टीन हवं, म्हणजे त्याच्या थायॉल (गंधक-हायड्रोजनच्या) गटाने ते जेलला जोडता येईल. आणि ते एकच हवं. दोन सिस्टीन असली तर पेप्टाइड स्वतःच क्रॉसलिंकरचं, म्हणजे जाळ्याचे धागे एकमेकांना जोडणाऱ्या रेणूचं, काम करतं, आणि जिथे पेप्टाइड तिथे जेल जास्त कडक असा घोळ होतो. दोन, त्याच खेपेत आरजीईचं पेप्टाइडही मागवा. अ‍ॅस्पार्टिकच्या जागी ग्लुटामिक आम्ल, फक्त एका कार्बनचा फरक, आणि इंटिग्रिन त्याला जवळपास विचारत नाही. तुमचा सगळ्यात कडक कंट्रोल, म्हणजे तुलनेचा नमुना, हाच. तीन, कुपीवर लिहिलेलं वजन म्हणजे निव्वळ पेप्टाइडचं वजन नव्हे. त्यात पाणी आणि ट्रायफ्लुरोअ‍ॅसिटिक आम्लाचा क्षार असतो. सोबतच्या कागदावर निव्वळ पेप्टाइडचं प्रमाण दिलेलं असतं, हिशेब त्यावरून करा. त्या क्षारामुळे द्रावण आम्लधर्मी होतं, म्हणून विरघळवल्यावर पीएच तपासायची सवय लावा.

थायॉल हवेत उघडा राहिला की दोन रेणू एकमेकांना डायसल्फाइड बंधाने जोडले जातात आणि जेलला जोडायला काही उरत नाही. त्यामुळे छोटे छोटे भाग करून गोठवून ठेवा, एकदा वितळवलेला भाग पुन्हा गोठवू नका. शंका आली तर एलमन चाचणी करा: पिवळा रंग येतो, ४१२ नॅनोमीटरवर मोजायचा, अर्ध्या तासाचं काम.

किती घालायचं? इथे साधं गणित करून बघण्यासारखं आहे. जेलमध्ये आरजीडी १ मिलिमोलर आहे असं धरा. पेशीला हात पोहोचतो तो फक्त वरच्या पातळ थरापर्यंत. तो थर १० नॅनोमीटरचा धरला तर दर चौरस मायक्रॉनला सुमारे ६,००० रेणू येतात, म्हणजे दोन रेणूंमधलं सरासरी अंतर १३ नॅनोमीटर. ०.१ मिलिमोलरला ६०० रेणू आणि ४० नॅनोमीटर. ०.०१ मिलिमोलरला ६० रेणू आणि १३० नॅनोमीटर. आता हे आकडे कशाशी ताडायचे? योआखिम श्पाट्झ यांच्या गटाने २००४ मध्ये सोन्याच्या सूक्ष्म ठिपक्यांवर आरजीडी बसवून दाखवलं की ठिपक्यांमधलं अंतर ५८ नॅनोमीटर असेपर्यंत पेशी नीट पसरते, ७३ नॅनोमीटरच्या पुढे गेलं की तिची पकड ढिली पडते. त्याआधी १९९१ मध्ये मॅसिया आणि हबेल यांना काचेवर ४४० नॅनोमीटर सरासरी अंतरातही पेशी पसरलेली दिसली होती, आणि पकडीचे भक्कम ठिपके दिसायला १४० नॅनोमीटर पुरले होते. दोन्हींत विसंगती वाटते, पण श्पाट्झ यांचे ठिपके शिस्तीत मांडलेले होते. विस्कळीत विखुरलेल्या रेणूंमध्ये सरासरी अंतर मोठं असलं तरी कुठे ना कुठे दाट पुंजके असतातच, आणि पेशीला तेवढे पुरतात. तुमच्या जेलमध्ये रेणू विस्कळीतच असणार, शिवाय त्यातले काही जाळ्याच्या आत दडलेले. तेव्हा १ मिलिमोलरपासून सुरुवात करा आणि ०.१, ०.५, १, २ अशी शिडी लावून बघा. जास्त घातलं की चांगलं असं नाही: फार दाट आरजीडीवर पेशी इतकी घट्ट बसते की तिला सरकता येत नाही.

पायरी ३: नक्षी उमटवा

मार्ग बरेच आहेत. मऊ शिक्क्याने प्रथिन छापता येतं. हे तंत्र काचेवर आणि सोन्यावर उत्तम, ओल्या जेलवर मात्र शिक्का घसरतो. पॉलिअ‍ॅक्रिलअमाइडसाठी त्यावर चांगली तोड निघाली आहे: प्रथिन आधी काचेवर छापायचं, त्यावर जेल ओतून घट्ट होऊ द्यायचं आणि काच सोलून काढायची, नक्षी जेलवर उतरते. सल्फो-सॅनपाह हा जोडरेणू वापरून प्रकाशाने प्रथिन जोडायचा मार्गही आहे. पाण्यात ते झपाट्याने निकामी होतं, त्यामुळे विरघळवलं की लगेच ओता, फोन आला तरी उचलू नका.

पण नवख्यांना मी सुचवीन तो मार्ग मास्क (प्रकाश ठरावीक जागीच जाऊ देणारा छापील पडदा) आणि प्रकाशाचा, थायॉल-ईन रसायनाने, म्हणजे थायॉल गट कार्बनच्या दुहेरी बंधाला जोडून. प्रकाश जिथे पडेल तिथेच पेप्टाइड जोडलं जातं, अ‍ॅक्रिलेटच्या अभिक्रियेला हवेतला ऑक्सिजन जितका आडवा येतो तितका इथे येत नाही, आणि हिशेब सरळ आहे.

हिशेब असा. नॉरबॉर्नीन (असा दुहेरी बंध असलेला गट) लावलेलं आठ हातांचं पीईजी, रेणुभार २०,०००, मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम. म्हणजे २.५ मिलिमोलर पीईजी आणि आठपट, २० मिलिमोलर नॉरबॉर्नीन. दोन थायॉल असलेला क्रॉसलिंकर ७.५ मिलिमोलर घाला. थायॉल झाले १५ मिलिमोलर. म्हणजे जेल जमल्यावर ५ मिलिमोलर नॉरबॉर्नीन मुद्दाम मोकळं राहिलं. पेप्टाइडसाठी राखून ठेवलेली जागा हीच. फोटोइनिशिएटर, म्हणजे प्रकाश शोषून अभिक्रिया सुरू करणारा पदार्थ, म्हणून एलएपी २ मिलिमोलरच्या आसपास. इर्गाक्युअर २९५९ जुनं आणि परिचयाचं असलं तरी ३६५ नॅनोमीटरला ते फारच कमी प्रकाश शोषतं. एलएपी कित्येक पटींनी जास्त शोषतं, पाण्यात सहज विरघळतं आणि ४०५ नॅनोमीटरच्या दिव्यावरही चालतं.

जेल काचेला धरून राहायला हवं, नाहीतर धुताना तुकडा हातात येतो. थायॉल-ईनसाठी काचेवर मर्कॅप्टोसिलेन लावा. अ‍ॅक्रिलेट जेल असेल तर मेथॅक्रिलेटचं सिलेन. दोन काचांमध्ये १०० मायक्रॉनचा स्पेसर ठेवून द्रावण भरा (वरच्या काचेला जेल चिकटू नये असा लेप हवा), ३६५ नॅनोमीटर, १० मिलिवॅट प्रति चौरस सेंटिमीटरवर एक मिनिट प्रकाश द्या. दिव्याची प्रखरता मीटरने मोजा. दिवा जुना होत जातो तशी ती घसरते, आणि गेल्या वर्षीची कृती या वर्षी चालेनाशी होण्याचं सगळ्यात साधं कारण हेच असतं.

यानंतर वरची काच काढून जेल पीबीएसमध्ये (फॉस्फेट असलेल्या खारट बफरमध्ये) रात्रभर फुगू द्या. नक्षी फुगल्यानंतर काढायची, आधी नाही. सुटं जेल फुगून आकारमानाने दुप्पट झालं तर प्रत्येक बाजू १.२६ पट होते, म्हणजे १०० मायक्रॉनची पट्टी १२६ मायक्रॉनची. काचेला धरलेलं जेल आडवं फुगू शकत नाही, ते वरच्या दिशेने वाढतं आणि कधी कधी पृष्ठभागावर सुरकुत्या पडतात. सुरकुत्या दिसल्या तर पीईजीचं किंवा क्रॉसलिंकरचं प्रमाण बदला. सुरकुतीच्या घडीत पेशी जाऊन बसतात आणि ती नक्षी तुमची नसते.

आता फुगलेल्या जेलवर पेप्टाइड २ मिलिमोलर आणि एलएपी २ मिलिमोलर असलेलं द्रावण घाला, अंधारात अर्धा तास मुरू द्या. मग वरचं जास्तीचं द्रावण टिपून घ्या. ही पायरी क्षुल्लक वाटते, पण मास्क आणि जेल यांच्यात द्रावणाचा थर राहिला की मास्क जेलपासून वर उचलला जातो आणि प्रकाश कडेखालून आत पसरतो. मास्कची छापील बाजू जेलकडे ठेवा. पुन्हा ३६५ नॅनोमीटर, तीच प्रखरता, ३०, ६०, ९० सेकंद असे तीन तुकडे करून बघा. जास्त वेळ प्रकाश दिला तर विखुरलेल्या किरणांनीही कडेबाहेर पुरेसं पेप्टाइड जोडलं जातं आणि पट्टी फुगते.

पहिला मास्क साधा ठेवा: ५० मायक्रॉनच्या पट्ट्या, मध्ये १५० मायक्रॉनची मोकळी जागा. मध्ये अंतर कमी ठेवलं तर पेशी पलीकडच्या पट्टीवर पाय टाकते आणि दोन्ही तीरांना धरून लटकते. ठिपके काढणार असाल तर त्यांचा आकार ही सूचनाच असते हे विसरू नका. १९९७ मध्ये ख्रिस्तोफर चेन, डोनाल्ड इंगबर, जॉर्ज व्हाइटसाइड्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की लहान ठिपक्यावर कोंबलेली एंडोथेलियल पेशी मरते आणि मोठ्यावर पसरलेली जगते, वाढते. २००४ मध्ये चेन यांच्याच गटाला दिसलं की १,०२४ चौरस मायक्रॉनच्या ठिपक्यावरच्या मूलपेशी चरबीच्या पेशी होण्याकडे झुकतात आणि १०,००० चौरस मायक्रॉनवरच्या हाडाच्या पेशी होण्याकडे. तुम्ही फक्त जागा ठरवता असं वाटतं, पण पेशीचं पुढचं आयुष्यही थोडंफार ठरवत असता.

पायरी ४: धुवा, आणि हिशेबाने धुवा

न जोडलं गेलेलं पेप्टाइड जेलच्या आत शिल्लक असतं. ते नंतर हळूहळू बाहेर येऊन इंटिग्रिनच्या जागा अडवतं, आणि उरलेल्या एलएपीवर प्रकाश पडला तर नको तिथे जोडलंही जातं. किती वेळ धुवायचं? छोट्या पेप्टाइडचा विसरणाचा वेग जेलमध्ये साधारण सेकंदाला १०० चौरस मायक्रॉनच्या घरात धरा. १०० मायक्रॉन जाडीला विसरणाचा काळ दीडेक मिनिट येतो. १ मिलिमीटर जाडीला मात्र तो जाडीच्या वर्गाने वाढून पावणेतीन तासांवर जातो. पूर्ण बाहेर यायला अशा तीन-चार फेऱ्या तरी हव्यात, दर फेरीला ताजं पीबीएस. पातळ जेल अर्ध्या-पाऊण तासात स्वच्छ होतं. जाड जेलला रात्र द्या आणि मधे दोन-तीनदा पाणी बदला. पातळ जेल वापरा असं मी म्हणतो त्यामागचं अर्धं कारण हेच.

अल्जिनेटवाल्यांनी इथे सावध राहावं. ते कॅल्शियमवर जमलेलं असतं, आणि फॉस्फेट, सायट्रेट किंवा ईडीटीए ते कॅल्शियम ओढून घेतात. पीबीएसमध्ये वारंवार धुतलेलं अल्जिनेट मऊ पडत पडत विरघळतं. थोडं कॅल्शियम घातलेलं, फॉस्फेट नसलेलं बफर वापरा.

निर्जंतुक ठेवण्यासाठी सगळी द्रावणं ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा आणि काम हूडमध्ये करा. तयार नक्षी हूडच्या जंतुनाशक यूव्ही दिव्याखाली ठेवू नका. तो प्रकाश मास्क बघून पडत नाही.

पायरी ५: पेशींआधी नक्षी स्वतः बघा

पेप्टाइडच्या द्रावणात फ्लुरोसंट टॅग लावलेलं तेच पेप्टाइड थोडंसं मिसळलं की नक्षी सूक्ष्मदर्शकाखाली चमकते. पट्टीची रुंदी मोजा, कडेला चमक किती अंतरात शून्यावर येते ते मोजा, आणि मोकळ्या जागेतली चमक पेप्टाइड न लावलेल्या जेलशी ताडून बघा. मोकळी जागा कोऱ्या जेलपेक्षा उजळ असेल तर एकतर धुणं कमी पडलं किंवा मास्कमधून प्रकाश झिरपतोय. आणखी एकदा धुऊन पुन्हा बघा: चमक उतरली तर धुण्याचा दोष, तशीच राहिली तर प्रकाशाचा.

कडा अंधुक असतील तर मास्क आणि जेलमधलं अंतर पहिलं तपासा, मग दिव्याचे किरण समांतर आहेत का ते, आणि शेवटी प्रकाशाचा वेळ. पारदर्शक फिल्मवर छापलेल्या मास्कची स्वतःचीही मर्यादा असते. १०-२० मायक्रॉनच्या खालची रेघ हवी असेल तर काचेवरचा क्रोम मास्क लागतो.

शक्य असेल तर नक्षीच्या जागी आणि मोकळ्या जागी जेलचा कडकपणाही मोजून घ्या. पेशी कडकपणाही वाचते. अ‍ॅडम एंगलर, डेनिस डिशर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मूलपेशींवर दाखवलं की १ किलोपास्कलच्या आतल्या मऊ जेलवर त्या चेतापेशींसारख्या दिसू लागतात, ८ ते १७ वर स्नायूंसारख्या आणि २५ ते ४० वर हाडाच्या पेशींसारख्या. पीईजी डायअ‍ॅक्रिलेटच्या जेलमध्ये उरलेले अ‍ॅक्रिलेट गट दुसऱ्या वेळच्या प्रकाशात आपसात जोडले जातात, आणि मग पट्टीवर पेशी बसली ती आरजीडीमुळे की कडकपणामुळे हे सांगता येत नाही. आरजीईचा कंट्रोल इथे कामाला येतो: तोच मास्क, तोच प्रकाश, फक्त पेप्टाइड वेगळं. त्यावर पेशी बसल्या नाहीत तर श्रेय आरजीडीचं.

पायरी ६: पेशी पेरा

पहिल्यांदा फायब्रोब्लास्ट घ्या, उदाहरणार्थ एनआयएच-३टी३. दणकट असतात, लवकर पसरतात. दर चौरस सेंटिमीटरला १०,००० ते २०,००० पेशी पुरेत. जास्त टाकल्या तर पट्टीवर न मावलेल्या पेशी शेजारणींच्या आधाराने मोकळ्या जागेत ओघळतात.

पेशी डिशपासून सोडवताना ट्रिप्सिन (प्रथिनं कापणारं विकर) गरजेपुरतंच ठेवा. ते जास्त वेळ राहिलं तर पेशीच्या पृष्ठभागावरची प्रथिनं कुरतडतं, आणि इंटिग्रिन शाबूत नसलेली पेशी कितीही चांगल्या आरजीडीवर बसणार नाही. ट्रिप्सिन सीरमने थांबवा, मग पेशी खाली बसवून वरचं द्रव काढून टाका, म्हणजे सीरमही जातं आणि ट्रिप्सिनसोबत आलेलं ईडीटीएही. ईडीटीए काढणं महत्त्वाचं, कारण इंटिग्रिनला पकड घ्यायला मॅग्नेशियम आणि कॅल्शियम लागतं.

पेशी सीरम नसलेल्या माध्यमात टाका आणि इन्क्युबेटरमध्ये ३७ अंश सेल्सिअसला एक-दोन तास ठेवा. या वेळेत सीरममधलं फायब्रोनेक्टिन मधे येत नाही, पेशीला धरायला फक्त तुमचं पेप्टाइड असतं. डिश ठेवल्यावर गोल गोल फिरवू नका, पेशी मध्यभागी गोळा होतात. मागे-पुढे आणि डावी-उजवीकडे हलवा. मग माध्यम हळूच काढा, कडेने नवं सोडा, एक-दोनदा असं करून न बसलेल्या पेशी घालवा आणि सीरमचं माध्यम घाला. पिपेटची धार थेट जेलवर सोडली तर बसलेल्या पेशीही निघतात, जेलही फाटतं.

पायरी ७: मोजा

एक तास, चार तास, एक दिवस, तीन दिवस आणि सात दिवस अशा वेळांना त्याच जागेचे फोटो घ्या. मोजायचं काय? एकूण पेशींपैकी किती पट्टीवर आहेत, आणि पट्टी व मोकळी जागा यांच्या क्षेत्रफळाच्या तुलनेत ते प्रमाण किती पट आहे. वरच्या मास्कमध्ये पट्टीने एक चतुर्थांश जागा व्यापली आहे. म्हणजे पेशी निव्वळ योगायोगाने पडल्या असत्या तर २५ टक्के पट्टीवर आल्या असत्या. ९५ टक्के आल्या तर नक्षी आहे. ४० टक्के आल्या तर फोटो कितीही सुरेख निवडला तरी नक्षी नाही.

दोन-चार नमुने ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये पक्के करून फॅलॉइडिनने अ‍ॅक्टिन, प्रतिपिंडाने व्हिन्क्युलिन (पकडीच्या ठिकाणी जमणारं प्रथिन) आणि डॅपीने केंद्रकं रंगवा. व्हिन्क्युलिनचे ठिपके पट्टीच्या कडेला ओळीने दिसले आणि अ‍ॅक्टिनच्या तारा त्यांच्यापासून निघालेल्या दिसल्या तर पेशी नुसती टेकलेली नाही, धरून आहे. आणखी एक स्वस्त चाचणी: पेशी टाकताना माध्यमात सुटं आरजीडी घाला. इंटिग्रिन त्यातच गुंतून पट्टी ओस पडली तर यंत्रणा तुम्हाला वाटते तीच आहे.

बिघडलं तर

पेशी सगळीकडे बसल्या असतील तर पायरी १ ची चाचणी पुन्हा, मग धुणं, मग मास्क, याच क्रमाने.

कुठेच बसल्या नसतील तर त्याच पेशी साध्या डिशमध्ये टाकून बघा. तिथेही बसत नसतील तर दोष पेशींचा किंवा ट्रिप्सिनचा. तिथे बसत असतील तर थायॉल तपासा. तेही ठीक असेल तर जेल फार मऊ आहे का बघा: किलोपास्कलभरापेक्षा मऊ जेलवर पेप्टाइड असूनही फायब्रोब्लास्ट गोलच राहतात, आणि गोल पेशी धुताना निघून जाते. पेप्टाइडचा आरजीडी तुकडा जाळ्याला अगदी चिकटून असेल तर मधे पीईजीची किंवा चार-पाच ग्लायसिनची दोरी द्यावी लागते, म्हणजे तो बाहेर डोकावेल.

पहिल्या दिवशी रेखीव आणि पाचव्या दिवशी पुसट, ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. पेशी स्वतःचं फायब्रोनेक्टिन आणि कोलॅजन बनवून आजूबाजूला टाकतात, विभागतात, आणि गर्दी झाली की बाहेर सरकतात. पेशी कमी टाका, पीईजीचं प्रमाण किंचित वाढवा, छोट्या प्रयोगासाठी मायटोमायसिनने विभाजन थांबवा. पण आठवडाभरात ऊती तयार व्हायचीच असेल तर नक्षीने पेशींना सुरुवातीची दिशा दिली की तिचं काम बरंचसं झालेलं असतं. तीन आठवडे कडा टिकवायचा हट्ट प्रत्येक प्रयोगाला धरायची गरज नाही.

जेलच्या आत जायचं असेल तर

वरची सगळी कृती पृष्ठभागापुरती आहे. पेशी जेलच्या आत कोंडायच्या असतील तर चिकटणं एकटं पुरत नाही, कारण जाळीची छिद्रं काही नॅनोमीटरची आणि पेशी दहा-वीस मायक्रॉनची. तिला वाट काढता यावी म्हणून क्रॉसलिंकर असा घ्यावा लागतो की जो पेशीतून निघणारी मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेझ ही विकरं कापू शकतील. नक्षीसाठी मास्क इथे अपुरा पडतो, कारण तो खोली ठरवू शकत नाही. प्रकाश वरून खालपर्यंत सगळीकडे जातो. टू-फोटॉन लेझरने मात्र जेलच्या पोटातला एखादाच बिंदू निवडता येतो. २००४ मध्ये यिंग लुओ आणि मॉली शॉइचेट यांनी प्रकाशाला संवेदनशील केलेल्या अ‍ॅगरोजमध्ये लेझरने पेप्टाइडचे उभे स्तंभ काढले आणि चेतापेशींचे तंतू त्या स्तंभांतूनच आत शिरले, आजूबाजूच्या अ‍ॅगरोजमध्ये नाही. अ‍ॅगरोजला पेशी चिकटत नाहीत म्हणूनच ते साधलं.

असं यंत्र हाताशी नसेल तर थर लावा: पट्ट्या काढलेल्या पातळ जेलवर पेशी बसल्या की वरून विकरांना कापता येईल असं जेल ओता. त्या दुसऱ्या जेलचं द्रावण पेशींवर घालताना एलएपी कमी ठेवा आणि प्रकाश ४०५ नॅनोमीटरचा वापरा. ३६५ पेक्षा तो पेशींना कमी बाधतो. वरच्या थरात आरजीडी घालायचं की नाही हे आधी ठरवून घ्या, कारण घातलं तर पेशी पट्टी सोडून वर चढतील, आणि नाही घातलं तर जाळी कापता येत असूनही बऱ्याचशा खालीच राहतील.